कपाटातली गौर

सन एकोणीसशे चोपन्न. मी तेव्हा चौतीस वर्षांचा. ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे आमचं वस्तुसंग्रहालय होतं, तिथं मी राखणदार. पगाराच्या कागदावर 'शिपाई' असं लिहायचे. पण कुणी विचारलं तर मी राखणदारच सांगायचो, आजही सांगतो. शिपाई निरोप पोचवतो. मी वस्तू राखल्या.

शाळा माझी दुसरीपर्यंत. मास्तरांनी छडी मारली, मी पाटी फेकली, ती परत उचलायला गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती हे छापायला मागणाऱ्या अंकवाल्यांनी बघून घ्यावी. त्यांचं म्हणणं होतं, सगळ्या नोकरीची हकीकत लिहा. सगळी लिहायला आता दम नाही. रोज सकाळी कुलूप काढलं, संध्याकाळी लावलं, मधल्या वेळात धूळ पुसली, यात काय लिहायचं? सांगण्यासारखं वर्ष एकच, दुरुस्तीचं.

लोकांना वाटतं, राखणदार म्हणजे स्टुलावर बसून डुलक्या काढणारा. चोरावर नजर ठेवणारा. अहो, माझ्या सगळ्या नोकरीत चोर एकदाही फिरकला नाही. आमची लढाई ओलीशी, वाळवीशी आणि माणसांच्या हातांशी. खाडीची हवा खारी. तलवार तेल लावून ठेवली तरी पावसाळ्यात तांबारणार. लाकडाच्या वस्तूंना बुरशी धरणार, म्हणून कापूर आणि कडुलिंबाचा पाला. आणि माणसाचं म्हणाल, तर त्याला नुसतं बघून समाधान होतच नाही. हात लावलाच पाहिजे. त्यातून देवाची मूर्ती असली की संपलं. दाराबाहेर चपला काढायच्या, मूर्तीच्या पायावर डोकं ठेवायचं, ढब्बू पैसा ठेवायचा. एक म्हातारे तर पाटीवरचं मोठ्यानं वाचायचे, 'मूर्तीस स्पर्श करू नये', आणि वाचता वाचताच स्पर्श करायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "अरे, ते दुसऱ्यांसाठी आहे."

तर त्रेपन्नच्या पावसाळ्यात इमारतीचं मागचं छप्पर बसलं. निम्म्या वस्तू मी पुढच्या खोलीत ओढल्या, निम्म्या भिजल्या. मग दुरुस्ती ठरली. आमचे चिटणीस तात्यासाहेब, निवृत्त हेडमास्तर, सडपातळ, धोतराचा सोगा हातात धरून चालायचे. माणूस सज्जन, पण बोलणं कायम फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. ते म्हणाले, "शिवराम, कौलं कंत्राटदार बसवील. पण हे घर आपलं आहे असं लोकांना वाटलं पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी परत पडेल आणि कुणी विचारणार नाही."

त्यासाठी कमिटीनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, रविवारी श्रमदान. दुसरी, घरोघर जाऊन जुनी वस्तू मागायची.

श्रमदानाचं तेव्हा फार होतं. डोंबिवलीहून कचेरीत जाणारी मंडळी डबे घेऊन यायची, धोतरं खोचून भिंतींना चुना लावायची. उत्साह दांडगा. अंगणात भिंतीला टेकून एक वीरगळ ठेवला होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. कोण, कुठला, काही ठाऊक नाही, पण घोडा आहे, तलवार आहे, वर अप्सरा हार घेऊन उभ्या आहेत. मी चहा सांगायला नाक्यावर गेलो आणि परत येऊन बघतो तर भिंतीबरोबर वीरही पांढरा. आणि एवढ्यावर थांबले नाहीत, खालच्या बाजूनं गेरूचा पट्टाही ओढला.

तात्यासाहेबांना तर खाली बसावं लागलं. "अहो, काय केलंत हे?"

चुना लावणारे गृहस्थ हातातला कुंचला लपवायचं सोडून अभिमानानं म्हणाले, "घरचं तुळशीवृंदावन आम्ही असंच करतो. उठून दिसतं ना?"

पुढं कित्येक दिवस मी काथ्याच्या कुंचल्यानं आणि पाण्यानं त्या घोड्याच्या नाकातला चुना काढत बसलो. गेरू काही पुरता गेला नाही.

दुसरं काम वस्तू मागण्याचं. कमिटीतले लोक दोन-चार घरी गेले, भाषण करून रिकाम्या हातांनी आले. मग मला पाठवलं. मागण्याची एक रीत असते. जायचं, ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, पावसापाण्याचं बोलायचं. वस्तूचं नावच काढायचं नाही. उठताना म्हणायचं, "जुनं काही पडलेलं असेल तर बघा हो." मग माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून येतो. कल्याणच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्यानं आजोबांचा पितळी अडकित्ता दिला, घोड्याच्या आकाराचा. दिला म्हणजे काय, दर रविवारी कुटुंबाला घेऊन बघायला यायचा. पाहुण्यांना सांगायचा, "हा आमचा." एकदा खिशातून सुपारी काढली आणि मला म्हणाला, "जरा काढता का बाहेर? एकच कातरतो." दुसऱ्या एकानं सासूबाईंची तसबीर आणली. सासूबाई हयात होत्या. मी परत पाठवली.

आता मुख्य गोष्ट. माजिवड्याच्या हिराबाय. तेव्हाचं माजिवडं म्हणजे खेडंच, भाताची शेतं आणि पलीकडे खाडी. हिराबाय आगरी, सत्तरीकडे झुकलेली, अंगानं काटकुळी पण आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल. मी तिच्या ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, पावसाचं बोललो. तिनं मला मध्येच तोडलं. "भाऊ, तू कनाला आलास ता मना म्हाईत हाय. थांब."

आत गेली आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. सोडलं तर पितळेचा गौरीचा मुखवटा. नारळाएवढा. पुसून पुसून गाल गुळगुळीत झालेले, नाकात नथीचं भोक, डोळे असे की तिनं आपल्यालाच काही विचारलंय. मी तोवर पुष्कळ वस्तू बघितल्या होत्या. तरी हातात घेताना मांडी सावरून बसलो.

"ही देतेस?" मी म्हटलं. "घरातली गौर?"

तिनं कारण सांगितलं. दोन मुलगे, थोरला नामदेव, धाकटा काशिनाथ. वाटणी झाली. जुनं घर धाकट्याला गेलं, थोरल्यानं गल्लीपलीकडे नवं बांधलं. शेताचं जमलं, बैलाचं जमलं, गौरीचं जमेना. थोरला म्हणे, मान माझा, मुखवटा मी नेणार. धाकटा म्हणे, तिची जागा या घरात. नामदेव बोलून गेला, काश्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाय. म्हातारीनं मधला मार्ग काढला. मुखवटा कुणालाच नाही. ठाण्याच्या कपाटात राहू दे.

"पन भादव्यात तिला घरा नेवाची," ती म्हणाली. "तीन दिस. ती माझे घरा आली म्हनजे नामदेव कसा येत नाय ता मी बगते. दोघं एका पंगतीला बसले ना, मग मी मरायला मोकली."

मी म्हटलं, "मी आणून देईन. माझा शब्द."

परत आल्यावर तात्यासाहेबांना अट सांगितली. ते वासे मोजत होते. म्हणाले, "बघू." हेडमास्तरचं 'बघू' म्हणजे काय ते दुसरीत शाळा सोडणाऱ्याला कुठून कळणार? मी ते हो म्हणून घेतलं.

श्रावणात नवी काचेची कपाटं आली. मुखवटा मधल्या कपाटात बसला, काळ्या मखमलीवर. दारातून आत आलं की पहिली नजर तिच्यावर. जिल्ह्याचे मोठे साहेब उद्घाटनाला यायचे ठरले, आणि दिवस निघाला गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा. तात्यासाहेब खुशीत होते. गौर यायच्या दिवशी सकाळी मी त्यांना आठवण केली. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"शिवराम, आता ती वस्तू समाजाची आहे. आज गौर गेली, उद्या अडकित्तेवाला येईल. मागे लग्नात मिरवायला दिलेली तलवार आठवते का? म्यान घेऊन आले, पातं नाही."

तलवारीचं खरं होतं. ती मीच दिली होती त्यांच्या सांगण्यावरून, आणि मीच मागत फिरलो होतो. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण शब्द माझा गेला होता.

तेवढ्यात हिराबायच दारात. बरोबर सून आणि शेजारीण, हातात सूप. चपला नव्हत्याच, त्यामुळे काढायचा प्रश्न नव्हता. आत आली ती सरळ कपाटासमोर, काचेत बघून म्हणाली, "चल गो बाय."

तात्यासाहेबांनी तिला समजावलं. समाज, वारसा, जबाबदारी, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यो काय बोलतंय? नेवाची का नाय?"

मी म्हटलं, "साहेब, वस्तू राखणदाराच्या नजरेआड जाऊ नये, हा तुमचाच नियम ना? मग मी जातो तिच्याबरोबर. तीन दिवस तिच्यासमोर बसतो. विसर्जनाच्या संध्याकाळी परत."

"आणि इथं कोण राखणार?"

"इथं तुम्ही."

त्यांनी बायकांकडे बघितलं. तीन बायका जमिनीवर बसल्या होत्या आणि उठायचं लक्षण नव्हतं. शेवटी म्हणाले, "संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी, शिवराम. नाहीतर दुसऱ्या दिवशी साहेबांना मी रिकामी मखमल दाखवू का?" मी हो म्हटलं. आता माझे शब्द दोन झाले.

मुखवटा सुपात, सूप सुनेच्या डोक्यावर, मागून मी सरकारी पाहुण्यासारखा, असे आग्रा रोडनं चालत माजिवड्याला गेलो. घरात तेरड्याची जुडी तयार होती. त्यांची गौर तेरड्याची असते. तेरड्याच्या रोपांची जाड जुडी सुपात उभी करायची, लुगडं नेसवायचं, वर मुखवटा बांधायचा. हे बांधणं आजवर नामदेवचं काम. तो आला नाही. काशिनाथनं बांधलं, मान डावीकडे कलंडली. सोडलं, परत बांधलं, परत कलंडली. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "ऱ्हाव द्या, मोडाल तिला." मग तशीच राहिली. मान वाकडी करून गौर दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पूजा. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वडे. हिराबायनं बोटानं कालवण गौरीच्या ओठांना लावलं. पंगत बसली. एक पाट रिकामा. म्हातारी दर थोड्या वेळानं गल्लीपलीकडे बघायची. तिकडे नामदेव आपल्या ओट्यावर जाळं विणत बसलेला, मान खाली. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. कुणी हाक मारली नाही.

मी काशिनाथला म्हटलं, "बोलव की त्याला."

"मी नाय बोलवनार. त्याला वाट म्हाईत हाय."

मी आतून थकून गेलो होतो. दगडाच्या वस्तू राखणं सोपं, त्या एकमेकींशी अबोला धरत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर गावातले गणपती निघाले. ताशे, झांजा, मुलं. यांचा गणपती पाटावर तयार, तेरडा उचलायचा, खाडीवर जायचं, मुखवटा माझ्या ताब्यात यायचा, आणि मी चालायला लागायचो. पण मुखवटा उतरवणार कोण? तोही मान थोरल्याचा. हिराबाय भिंतीला पाठ लावून बसली. "नामदेव उतरवंल. नायतर ती हिकरंच ऱ्हाईल."

काशिनाथ म्हणाला, "आये, सगल्यांचे गनपती गेले."

"जाव दे."

मी म्हटलं, "हिराबाय, मी साहेबांना शब्द दिलाय."

"मना पन दिलास."

मग काय बोलणार? उठलो, गल्ली ओलांडली, नामदेवच्या ओट्यावर जाऊन बसलो. पाणी मागितलं नाही, पावसाचं बोललो नाही. म्हटलं, "चल. आई खोळंबलीय."

"कोन बोलावतंय? काश्या की तू?"

"आई."

"आईस ये घरा पन येते. रोज येते." जाळ्यातली सुई चालूच. "तू काढ ना मुखवटा. कपाटाची चावी तुझेच कडं हाय."

"चावी माझी. मान तुझा."

तो हसला, पण वर बघितलं नाही. मी तसाच बसलो. मुत्सद्देगिरी मला येत नाही, त्या वेळीही आली नाही. पाय दुखत होते, तात्यासाहेब डोळ्यांपुढे दिसत होते, तोंडातून आपलं निघालं, "तिचीही मान अवघडली असेल म्हणा. वाकडी बसलीय दोन दिवस."

सुई थांबली. "कनची मान?"

"गौरीची. काशिनाथनं तीनदा बांधली. कलंडते."

"कनच्या बाजूला?"

"डाव्या."

"दोरी हनवटीखालून घेतली आसंल. कानामागून घेवाची असते, मंग पाठीला गाठ." त्यानं वर बघितलं. "तशीच पुजली?"

"तशीच."

"नैवद्य?"

"तसाच दाखवला."

त्यानं जाळं बाजूला टाकलं. उघडाच होता, खांद्यावर पंचा घेतला आणि निघाला. काश्याच्या उंबऱ्याशी पाय क्षणभर अडला. मग तो आत गेला. नामदेवनं गौरीकडे बघितलं, आईकडे नाही, भावाकडे नाही. लुगड्याचा पदर बाजूला केला आणि दोरी सोडायला घेतली. एका माणसाचं काम नव्हतं ते. जुडी कुणीतरी धरायला हवी.

"धर," तो म्हणाला.

काशिनाथनं पुढं होऊन जुडी धरली.

"नीट धर. हालतंय."

"धरलाय ना."

"तुझे धरन्यानीच कलंडली ती."

"मंग दोन दिस कुठं मेला व्हतास?"

नामदेवनं मुखवटा सरळ धरला. दोरी कानामागून घेतली, पाठीला गाठ मारली, हात काढला. गौर सरळ उभी राहिली. समोर बघायला लागली. हिराबाय उठून चुलीकडे गेली आणि तिथं उगाच भांडी वाजवत राहिली.

मी म्हटलं, "आता उतरवा. दिवस कलला."

नामदेव माझ्यावर खेकसला, "आत्ताच कुठं नीट हुबी ऱ्हायली. जरा बगू दे." आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. काशिनाथही बसला, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. सुनेनं ताटं आणली, आदल्या दिवसाचं कालवण गरम करून. दोघं जेवले. एकमेकांशी चकार शब्द नाही. नामदेव एवढंच म्हणाला, "मीठ कमी हाय," आणि काशिनाथनं मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

गौर गावात सगळ्यांत शेवटी गेली. नामदेवनं मुखवटा उतरवून फडक्यावर ठेवला, दोघांनी गणपती आणि तेरडा खाडीला नेला. परत येईस्तोवर घराघरांत दिवे लागले होते. मी मुखवटा गुंडाळायला घेतला तर हिराबाय दारात आडवी.

"दिवं लागल्यावर लेकीला घराबाहेर धाडीत नाय कोनी. सकाली ने."

मी फार हट्टी माणूस आहे, पण तिच्यापुढे नाही. तात्यासाहेबांना दिलेला शब्द मोडला.

लोकांना वाटेल, गौरीनं दोन भाऊ जोडले, गोष्ट संपली. तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षी बांधावरून दोघांचा वाद लागला आणि कोर्टात गेला. आणि कमिटीनंही ठराव केला, कोणतीही वस्तू कोणत्याही कारणासाठी बाहेर जाणार नाही. मी भांडलो. तात्यासाहेब म्हणाले, "तू मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, शिवराम." भादव्यात हिराबाय आली. काचेसमोर उभी राहिली, हात जोडले, मला म्हणाली, "तुजा शबूद एक साल तरी पुरला, भाऊ." रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी ती गेली. मुलगे एकत्र बसलेले तिनं त्यानंतर बघितले की नाही, मला ठाऊक नाही. विचारायला मी गेलो नाही. संग्रहालयात लोक यायचे, पाटी वाचायचे, 'पितळी मुखवटा, माजिवडे', आणि पुढच्या कपाटाकडे सरकायचे. हे घर आपलं आहे असं त्यांना वाटलं का, ते तात्यासाहेबांनाच माहीत. तेही गेले.

पण हे सगळं नंतरचं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघालो. टेंभी नाक्यावर पोचलो तर तात्यासाहेब पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली, धोतर चुरगळलेलं. रात्रभर तिथंच होते.

"काल संध्याकाळचं ठरलं होतं," ते म्हणाले.

"हो साहेब."

"काय झालं?"

"मान सरळ करायला वेळ लागला."

ते उठले. आत जाऊन मी फडकं सोडलं. कपाळावर हळदकुंकू, ओठांवर वाळलेलं कालवण. तात्यासाहेब वाकले, वास घेतला. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा माणूस. "हे काय?"

"चिंबोरी."

ते जरा मागं सरकले. मग म्हणाले, "दहाला साहेब येतील. पुसून घे सगळं."

मी वाटीत पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं, ओठ पुसले. हनुवटी पुसली, गाल पुसले. मग थांबलो आणि फडकं त्यांच्यापुढे धरलं.

"कपाळ तुम्ही पुसा, साहेब. सवाष्ण आहे. माझ्यानं नाही होणार."

त्यांनी फडकं घेतलं. थोडा वेळ नुसतं हातात धरून उभे राहिले. मग घडी घालून वाटीवर ठेवलं आणि फाटकाला तोरण बांधलंय का बघायला बाहेर निघून गेले.

मी तिला तशीच मखमलीवर बसवली, काच लावली, कुलूप घातलं, आणि केरसुणी घेऊन हॉल झाडायला लागलो.